कर्स्टीचे घर आणि माझा डावा हात

मी, श्रीमती ऊर्मिला वासुदेव खांबेटे, वय वर्षे शहात्तर, व्यवसाय पूर्वी मोटार कारखान्यात आरेखनाचा आणि आता कोणाचे न ऐकण्याचा, राहणार र्युसेल्सहाइम, जर्मनी, पूर्ण शुद्धीवर राहून, कोणाच्याही दडपणाला न भिता, हे मृत्युपत्र स्वतःच्या डाव्या हाताने लिहीत आहे. याआधी मी एकही मृत्युपत्र केलेले नाही, त्यामुळे रद्द करण्यासारखे काही नाही. पुढे कोणी माझ्या नावाचा दुसरा कागद काढलाच, तर त्यातले अक्षर या अक्षराशी ताडून पाहावे. जुळले नाही तर तो कागद माझा नाही.

कलम १. शुद्धीबद्दल. गेल्या वर्षी मार्चमध्ये मला पक्षाघाताचा झटका आला. त्यात उजवा हात गेला. डोके गेले नाही. आमच्या घरच्या डॉक्टरांनी तपासणीसाठी मला घड्याळ काढायला सांगितले. एकतीस वर्षे मी यंत्रांची चित्रे काढली आहेत. मी बाराही आकडे, तिन्ही काटे आणि किल्ली फिरवायचे बटणसुद्धा काढून दिले. त्यांचा दाखला सोबत टाचला आहे. इथल्या कायद्याला तो लागत नाही, साक्षीदारही लागत नाहीत. पण साक्षीदारांशिवाय मृत्युपत्र हे माझ्या पुण्याच्या मनाला पटत नाही, म्हणून तेही घेणार आहे.

हे मृत्युपत्र मी मराठीत लिहीत आहे, कारण वरच्या मजल्यावर राहणारी कर्स्टी ते वाचू शकत नाही. ती रोज विचारते आणि मी रोज सांगते की बहिणीला पत्र लिहिते आहे. कोर्टाने ज्या शपथबद्ध अनुवादकाला हे काम द्यावे त्याला एकच विनंती: माझे रागाचे शब्द त्याने सौम्य करू नयेत.

कलम २. हाताने का लिहिते. माझे यजमान वासुदेव सहा वर्षांपूर्वी गेले. त्यांनी मृत्युपत्र करून ठेवले होते, आणि तेही मोठ्या झोकात. पुण्याला त्यांच्या वडिलांनी जसे केले तसेच: संगणकावर टंकलेले, प्रत्येक पानावर सही, खाली दोन साक्षीदार, डॉक्टरांचे प्रमाणपत्र. चारचौघांना दाखवून म्हणाले होते, "याच्यात कोणी खोट काढून दाखवावी." वारसा कोर्टातल्या बाईंनी ती काढली. जर्मन पासपोर्ट घेतलेल्या माणसाने नोटरीशिवाय मृत्युपत्र केले, तर ते पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत स्वतःच्या हाताने लिहिलेले लागते. टंकलेला कागद म्हणजे मृत्युपत्रच नव्हे. एवढा हुशार इंजिनिअर, पण चाळीस वर्षे या देशात राहून एवढे विचारून घेतले नाही. बावळटपणा, दुसरा शब्द नाही.

त्या कागदात त्यांनी आमची जुनी निळी गाडी कर्स्टीला ठेवली होती. का, ते पुढे येईल. कागद फुकट गेला, वाटणीत गाडी आमचा मुलगा क्षितिज याच्याकडे गेली आणि त्याने ती माइन्झच्या एका माणसाला विकून टाकली. कायद्याने त्याचे बरोबर होते. गाडी जाताना कर्स्टी अंगणात उभी राहिली आणि मग आत येऊन भांडी घासली.

मला झटका आल्यावर क्षितिज हॅनोव्हरहून आला, आठ दिवस राहिला, सगळे फॉर्म भरले. त्याबद्दल मी त्याची ऋणी आहे. आठव्या दिवशी स्वयंपाकघरात बसून तो म्हणाला, "आई, घर विकून टाकू. हॅनोव्हरला माझ्याजवळ चांगलं आल्टर्सहाइम आहे, वृद्धांसाठी. बाग आहे, मराठी येणारी एक नर्ससुद्धा आहे."

मी विचारले, "आणि कर्स्टी?"

"कर्स्टी भाडेकरू आहे, आई. तिला नोटीस देऊ. वेळेत देऊ, नीट देऊ."

"मी घर तिला ठेवणार आहे."

तो हसला नाही. कीव आल्यासारखा माझ्या उजव्या हाताकडे पाहून म्हणाला, "बाबांच्या वेळचं आठवतंय ना? इथे हाताने लिहावं लागतं. आता तुला लिहिता येत नाही. म्हणजे तो विषय संपला."

विषय तिथेच सुरू झाला. नोटरीपुढे तोंडी सांगूनही मृत्युपत्र होते, हे मला ठाऊक आहे. पण मग क्षितिज म्हणणार की म्हातारीच्या तोंडी कोणीतरी शब्द घातले. तोंडात शब्द घालता येतात. हातात अक्षर घालता येत नाही. ते ज्याचे त्यालाच काढावे लागते.

कलम ३. घर. हे घर पहिल्यापासून माझ्या एकटीच्या नावावर आहे. ते त्यातल्या सामानासकट, मागच्या अंगणासकट आणि गॅरेजसकट मी कुमारी कर्स्टी मॅकफेल, वय छत्तीस, हिला देत आहे. तिचे माझे रक्ताचे नाते नाही. माझ्या घराला रक्ताची चाचणी लागत नाही.

ती कोण, हे कोर्टाला कळावे म्हणून लिहिते. कर्स्टी स्कॉटलंडमधल्या फ्रेझरबर्ग या मासेमारीच्या गावची. दोन हजार आठ साली, एकोणीस वर्षांची असताना, इथल्या एका क्लबच्या महिला संघात स्ट्रायकर म्हणून आली. करारावर ‘व्यावसायिक खेळाडू’ असे लिहिले होते. त्या व्यवसायात पोट भरत नव्हते, म्हणून ती पहाटे बेकरीत पाव भाजायची आणि संध्याकाळी सरावाला जायची. क्लबने खोल्यांसाठी जाहिरात दिली होती. क्षितिज शिकायला गेल्यामुळे आमचा वरचा मजला रिकामा होता. वासुदेव म्हणाले, "सहा महिने ठेवू." तिने पुढे तीन क्लब बदलले, खोली बदलली नाही.

पहिला आठवडा ती मला फ्राऊ खांबेटे म्हणायची. मग शेजारची विभावरी मला काय म्हणते ते ऐकले आणि काकू म्हणायला लागली. पहिल्या हंगामात चौदा गोल. चण लहान, पण उजव्या पायाचा फटका असा की गोलकीपरचे हात मागे जायचे. मला फुटबॉलमधले ओ की ठो कळत नव्हते. मी आरेखन करणारी बाई. मैदानाच्या कडेला उभी राहून मला फक्त कोन दिसायचे. ही मुलगी नेमकी त्या कोनात जाऊन उभी राहायची जिथे कोणी नाही आणि जिथे चेंडू येणार आहे. आमच्या विभागात चार पुरुषांना जे उमगले नाही ते हिला पळता पळता उमगायचे. मायदेशाच्या संघाकडून नऊ सामने खेळली. तो निळा शर्ट पहिल्यांदा आला तेव्हा तिने तो वासुदेवांना दिला आणि त्यांनी तो इस्त्री करून कपाटात ठेवला. तोही तिचाच आहे, तिला परत जावा.

दोन हजार तेराच्या नोव्हेंबरमध्ये हॅनोव्हरला, ओल्या मैदानावर, तिच्या उजव्या गुडघ्यातले बंध तुटले. क्षितिज तेव्हा तिथे नुकताच नव्या नोकरीला लागला होता. मी फोन केल्यावर तो कामावरून निघाला आणि शस्त्रक्रिया होईपर्यंत हॉस्पिटलात बसून राहिला. हे लिहिलेच पाहिजे. तो वाईट मुलगा नाही. त्याला फक्त सगळे प्रश्न लवकर संपवायचे असतात.

त्यानंतर नऊ महिने वासुदेव आठवड्यातून तीनदा तिला त्या निळ्या गाडीतून व्यायामाला न्यायचे. घरी मी करून घ्यायची. तीस वेळा पाय उचल, तीस वेळा वाक. मी मराठीत मोजायची आणि ती माझ्यामागून म्हणायची. अठरापर्यंत ठीक. एकोणीस तिच्या जिभेला कधीच जमले नाही. ती अठरानंतर सरळ वीस म्हणायची. म्हणजे रोज एक व्यायाम कमी. मी रोज शेवटी एक जास्तीचा करून घ्यायची. ती म्हणायची, "काकू, दास इस्ट अनफेअर." मी म्हणायची, "गेनाऊ, अगदी बरोबर. वाक."

कलम ४. ट्रेनर श्री. ब्रांट यांस. या गृहस्थांनी दुखापतीनंतरच्या जानेवारीत कर्स्टीला कचेरीत बोलावले. पाच वर्षांनंतरही तिचे जर्मन बेकरी आणि मैदानापुरतेच होते, म्हणून मी बरोबर गेले. त्यांनी सांगितले की क्लब करार पुढे चालवणार नाही. कर्स्टीने मला विचारायला लावले की डाव्या पायावर काम केले तर? ब्रांट कॉफी ढवळत म्हणाले, "हिचा डावा पाय फक्त उभं राहायला आहे."

हे वाक्य मी तिला भाषांतर करून सांगायला हवे होते. मी सांगितले नाही. मी म्हटले, "हे म्हणतात, शुभेच्छा." घरी येताना बसच्या थांब्यावर ती म्हणाली, "काकू, तो शुभेच्छा म्हणाला नाही. तुझं तोंड लाल झालं होतं." मग मला खरे सांगावे लागले. ती म्हणाली, "बरं झालं सांगितलंस. आता माहीत आहे काय करायचं ते."

पुढच्या वर्षी ऑक्टोबरमध्ये ती खालच्या विभागातल्या एका छोट्या क्लबकडून चषकाच्या सामन्यात ब्रांट यांच्याच संघाविरुद्ध उतरली. एक्याऐंशीव्या मिनिटाला चेंडू आला. सगळ्या मैदानाला ठाऊक होते की कर्स्टी मॅकफेल उजव्या पायाची. गोलकीपर त्या बाजूला झेपावली. चेंडू दुसऱ्या बाजूने गेला, डाव्या पायाने. मी, सहासष्ट वर्षांची बाई, कुंपणाला धरून मराठीत ओरडत होते. काय ओरडले ते इथे लिहिण्यासारखे नाही.

त्या सामन्याचे माझे तिकीट आरशाशेजारच्या खणात आहे. ते श्री. ब्रांट यांना टपालाने पाठवावे, पोच घेऊन. सोबत चिठ्ठी नको. त्यांना कळेल. न कळल्यास तो त्यांचा प्रश्न आहे. त्या गोलनंतर कर्स्टी आठ वर्षे खेळली. कारकिर्दीत एकशे सदतीस गोल: उजव्या पायाचे अठ्ठावन्न, डोक्याने पंधरा, आणि जो पाय फक्त उभे राहायला होता त्याचे चौसष्ट.

कलम ५. गॅरेजचे दार. हे चौसष्ट गोल या दारावर तयार झाले. रोज दुपारी अडीचशे फटके, डाव्या पायाने. दाराला आलेले पोचे अजून आहेत. समोरच्या बाईंनी आवाजाबद्दल नगरपालिकेकडे दोनदा तक्रार केली. जर्मनीत दुपारची शांतता देवासारखी पाळतात, हे मला मान्य आहे. म्हणून आम्ही वेळ बदलून तीन केली. त्या तरीही बोलायच्या थांबल्या नाहीत. या बाईंना माझ्या कुंड्यांतली लाल जिरेनियम द्यावीत. झाडे चांगली आहेत आणि माझा राग आता जुना झाला आहे. मात्र दार बदलू नये, पोचे काढू नयेत आणि रंगही देऊ नये.

फ्रांकफुर्टच्या मंडळात गणपतीच्या जेवणावेळी ज्या वहिनी मला म्हणाल्या होत्या, "परकी मुलगी घरात ठेवलीत, उद्या उरावर बसेल," त्यांना मी काही ठेवत नाही. त्यांनी हे कलम वाचले म्हणजे पुरे.

कलम ६. माझी नात अन्वी, वय पंधरा, हिला माझी आरेखनाची पेटी, मोठा फळा, टी-स्क्वेअर आणि सगळ्या निबा. पेटीतला कंपास माझ्या पहिल्या नोकरीतला आहे. त्याला तेल द्यावे. अन्वीला मराठी सगळे कळते, पण उत्तर जर्मनमध्ये येते. उन्हाळ्यात ती इथे होती तेव्हा मला वहीत गिरवताना पाहून म्हणाली, "आजी, वारूम, का? टाइप कर ना." मी म्हटले, तुझ्या आजोबांनी टाइप केले होते. तिने बापाकडून ती गोष्ट ऐकली होती. तिने माझी पेन्सिल तासून दिली. त्या दिवशी ठरवले की पेटी हिचीच.

कलम ७. माझा कोथरूडचा फ्लॅट आणि बँकेत जे असेल ते सर्व माझा मुलगा क्षितिज याला. इथला कायदा मुलाला ठरावीक वाटा द्यायलाच लावतो. वकीलबाईंनी सांगितले आहे की तो यातून पुरा होतो. पण मी कायद्यासाठी देत नाही. तो माझा मुलगा आहे म्हणून देते. त्याने या मृत्युपत्राविरुद्ध कोर्टात जायचे ठरवले तर जावे. मी तेव्हा नसेन, पण माझे अक्षर असेल, आणि ते माझ्यापेक्षा हट्टी आहे.

कलम ८. माझे दहन इथेच करावे. राख भारतात नेण्याचा खटाटोप नको. भाषणे नकोत. भाषण करायचेच असल्यास विभावरीने करावे, तिला लहान बोलता येते.

कलम ९. हे कलम लिहायला मला सहा दिवस लागले आहेत, आणि ते फक्त क्षितिजसाठी आहे.

क्षितिज, तू हॅनोव्हरला परत गेलास त्याच्या दुसऱ्या दिवशी कर्स्टी कामावरून आली. ती आता पुनर्वसन केंद्रात लोकांकडून व्यायाम करून घेते आणि शनिवारी मुलींच्या संघाला शिकवते. तिने माझ्या डाव्या हातात टेनिसचा चेंडू दिला. मी म्हटले, उजवा परत आला की पाहू. ती म्हणाली, "उजवा येईल तेव्हा येईल, काकू. तोवर डाव्याला बेंचवर का बसवलंय?" मग रोज संध्याकाळी तीस वेळा चेंडू दाबायचा. ती मराठीत मोजायची. अठरा, वीस. मी तिला एकोणीसची आठवण करून दिली नाही. मला दुखत होते.

तिसऱ्या महिन्यात तिने दुकानातून शाळेच्या वह्या आणल्या, दुहेरी रेघांच्या. म्हणाली, "जा, आता लिही. जे लिहावंसं वाटतं ते. अवघड असेल तेच घे, सोपं घेऊन पाय तयार होत नाही." अशा अकरा वह्या भरल्या आहेत. दहा वह्यांत याच मृत्युपत्राचे कच्चे खर्डे आहेत. त्या जाळल्या तरी चालतील. पहिली, निळ्या पुठ्ठ्याची, ती तुला ठेवली आहे. स्वयंपाकघरातल्या डब्यांमागे आहे. कर्स्टीला वाटते की तिच्यात मी मुळाक्षरे गिरवली.

घर तिला देताना मी एकच अट घालते, आणि ती तिने पाळावी असा माझा हुकूम आहे. जिन्याजवळची तुझी खोली तुझीच राहील. तिथे कोणी भाडेकरू ठेवायचा नाही. तुझ्या खोलीचे कुलूप बदलायचे नाही. तू कधीही यावेस, न कळवता यावेस. माझ्यामागे तू या घरात आलास, तर तुला दार उघडायला कोणीतरी असावे, म्हणून मी हे घर विकू दिले नाही. घर विकले असते तर तुला पैसे मिळाले असते आणि तुला यायला जागा उरली नसती. तुला हे तेव्हा सांगितले असते, पण तू विषय संपवून टाकलास.

ती वही घेऊन जेवणाच्या टेबलाशी बस आणि पहिल्या पानापासून पाहा. पहिल्या पानांवर तुला काही वाचता येणार नाही, नुसत्या रेघा दिसतील. घाबरू नकोस, मीही घाबरले नव्हते. सबंध वहीत मी एकच शब्द लिहिला आहे. कर्स्टीने अवघड घ्यायला सांगितले होते, म्हणून मी तुझे नाव घेतले. शेवटच्या पानावर ते नीट आले आहे.

ठिकाण: र्युसेल्सहाइम
दिनांक: १४ नोव्हेंबर २०२५

ऊर्मिला वासुदेव खांबेटे
(सही, डाव्या हाताची)

साक्षीदार:
ऊर्मिलाकाकूंनी वरील सही आम्हा दोघांदेखत केली. सहीला चार मिनिटे लागली. आम्ही हात पुढे केला नाही. त्यांनी करू दिला नसता.

१. विभावरी दत्ता गोखले, शेजारी, र्युसेल्सहाइम
२. मयुरेश उल्हास डांगे, संशोधक विद्यार्थी, कार्ल्सरूहे